धाकटीचा खोकला

१७ फेब्रुवारी १९८७, मंगळवार. पहाटेपासून धुकं. वारा वायव्येचा, ओला. सकाळची फेरी पंचवीस मिनिटं उशिरा. हे धाकटीला घेऊन ओमुराला गेले. धावपट्टीच्या टोकाशी वळताना ती दोनदा खोकली, मग अंग झटकलं. उराता-सान म्हणाले, दमट हवा आहे, चालायचंच. परतीच्या फेरीत नऊ प्रवासी, त्यांत सिस्टर ओदिल. शेजारच्या मात्सुएबाईंनी रताळ्याच्या वड्या आणून दिल्या.

एवढं मी विमानतळाच्या काउंटरमागे बसून दुपारी अडीचनंतर लिहिलं. त्या दिवसाच्या बाकीच्या ओळी संध्याकाळी घरी लिहिल्या. मधल्या वेळात जे झालं ते डायरीच्या पानात मावणारं नव्हतं, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे. गोष्ट किसाबुरो उराता यांची आहे. ते आमच्या विमानतळाचे मेकॅनिक होते. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, यांना, माझ्या यजमानांना, जाऊन सात. मी चौऱ्याऐंशीची आहे आणि हे सांगणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

धाकटी म्हणजे विमान. आमच्या बेटावरून समुद्रापलीकडे नागासाकीजवळच्या ओमुराला जायला तेव्हा नऊ प्रवाशांची दोन विमानं होती, थोरला आणि धाकटी. दोन्ही एकाच इंग्रजी कारखान्यातली, दोन्ही पांढरी, दोघांच्या अंगावर लाल पट्टा. डोंगराचा एक खांदा तासून आठशे मीटरची धावपट्टी केली होती आणि तिच्या कडेला एक खोली. त्या खोलीत मी तिकिटं द्यायची, प्रवाशांना सामानासकट काट्यावर उभं करून वजन लिहून घ्यायची आणि कंपनीचा रेडिओ सांभाळायची. माझे यजमान, कॅप्टन मिझोगुची, दोन वैमानिकांपैकी एक. विमानं नीट ठेवायचं काम उराता-सान यांचं.

ते कोळ्याच्या घरातले. माकुल मासळी पकडणाऱ्या नावेच्या इंजिनावर शिकलेले, पुढे परीक्षा देऊन विमानाकडे वळलेले. बुटके, एका पायानं किंचित लंगडत. कान मात्र असे की डोंगरापलीकडचा आवाज ऐकून कोणतं विमान येतंय ते आमच्या आधी दोन मिनिटं सांगायचे. घरी तीन मुली होत्या. कोणती मुलगी कोणत्या इयत्तेत आहे हे त्यांना बायकोला विचारावं लागे. थोरल्याची डावी-उजवी इंजिनं किती तास चालली ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत.

थोरला आला तेव्हा एक इंग्रज वैमानिक तो मजल दरमजल करत घेऊन आला होता. तो तीन दिवस आमच्या बंदरावरच्या खानावळीत राहिला. नागासाकीच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे मला थोडं इंग्रजी येत होतं, म्हणून मध्ये मी बोलत होते. तो विमानाला बाई म्हणायचा. म्हातारी जरा हट्टी आहे, सकाळी तिच्याशी गोड बोलावं लागतं, असलं काहीतरी. उराता-साननी मला विचारायला लावलं की बाई का. इंग्रज म्हणाला, आमच्याकडे जहाज, विमान, सगळ्याच बाया, कारण खर्च फार आणि वेळेवर तयार होत नाहीत. हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा बाकीचे हसले. उराता-सान हसले नाहीत. त्यांच्या मते नाव ही बाई असते हे खरं. नावेत जो देव असतो तो बाईमाणूस, मत्सरी, म्हणून त्यांची आई वडलांच्या नावेत कधी एकटी चढली नाही. पण विमान म्हणजे बायको नव्हे. बायको म्हटली की भांडण आलं, आणि आकाशात भांडून कुठे जाणार? विमान हे लेकरू. थोरल्याचा सुरू होतानाचा आवाज कंठ फुटलेल्या पोरासारखा होता, म्हणून तो मुलगा. दोन वर्षांनी दुसरं विमान आलं, ते हलक्या आवाजात सुरू झालं, म्हणून ती मुलगी.

मी हे सिस्टर ओदिलना सांगितलं. त्या शाळेत माझ्या फ्रेंचच्या शिक्षिका होत्या आणि नंतर आमच्या बेटावरच्या बालवाडीत आल्या. त्या म्हणाल्या की त्यांच्या भाषेत विमान पुरुषच, तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. डोंगरापलीकडच्या पोलिश ब्रदरांच्या भाषेतही पुरुष. स्वयंपाकघरातल्या जर्मन सिस्टरचं मत पडलं की विमान बाईही नाही आणि बुवाही नाही, नुसती वस्तू. त्यावरून मठात रात्रीच्या जेवणाला थोडी गरमागरमी झाली म्हणे. सिस्टर ओदिल शेवटपर्यंत धाकटीलासुद्धा 'तो' म्हणत राहिल्या, आणि प्रवासाला निघताना त्या गृहस्थासाठी एक प्रार्थना म्हणायच्या.

मला या सगळ्याचा आधार वाटायचा, हे कबूल करायला हवं. मी फार घाबरट आहे. सहा वर्षांत मी त्या दोन्हीपैकी एकाही विमानात पाय ठेवला नव्हता. यांची परतीची वेळ झाली की दहा मिनिटं आधीपासून माझे हात गार पडायचे. डोंगराआडून आवाज येईपर्यंत मी काउंटरवरचे कागद उगाच सरळ करत बसायची. पण 'थोरल्यानं नेलंय, तोच आणील' असं मनाशी म्हटलं की बरं वाटायचं. लोखंडावर कुणी भरवसा ठेवत नाही, घरच्या मुलावर ठेवतो.

उराता-सान यांच्याकडे सवयींची एक वही होती. कंपनीची नोंदवही वेगळी. तिच्यात बिघाड लिहायचे, आणि लिहिला की तो दुरुस्त होऊन सही होईपर्यंत विमान उडायचं नाही. सवयींच्या वहीत सवयी. थोरला गार असला की डाव्या अंगानं खोकतो. धाकटीचं मागचं दार दोनदा आपटावं लागतं. धाकटी ब्रेक लावल्यावर उजवीकडे ओढते, रागवू नये. नवा वैमानिक आला की त्याला आधी ही वही वाचायला देत. बिघाड कोणता आणि सवय कोणती हे उराता-सान ठरवत. त्यांना कुणी कधी विचारलं नाही, आणि त्यांच्या हाताखाली सहा वर्षांत कुणाला खरचटलंही नव्हतं.

जानेवारीत थोरला मोठ्या तपासणीसाठी उघडून ठेवला होता. त्याच वेळी धाकटीच्या डाव्या इंजिनाचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा डबा, गळायला लागला. नवा यायला आठवडा लागणार होता आणि आठवडाभर बेटाची फेरी बंद ठेवायची म्हणजे दवाखान्यात जाणाऱ्यांचे हाल. म्हणून उराता-साननी थोरल्याचा डावा कार्ब्युरेटर काढून धाकटीला बसवला. तसं त्यांनी नोंदवहीत रीतसर लिहिलं. नवा आला तो थोरल्याला लावला. पुढे थोरला खोकेनासा झाला. सगळे म्हणाले, पोरगा मोठा झाला. आठ-दहा दिवसांनी धाकटी खोकली. तेव्हा मी चहा ओतत होते आणि मीच म्हणाले, "दादाची नक्कल करायला लागली वाटतं." फार हसले सगळे. उराता-साननी ते वहीत लिहून ठेवलं: धाकटी थोरल्याची नक्कल करून खोकते. गरम हवा दिली की थांबते.

आता त्या मंगळवाराकडे येते. माझी डायरी तीन वर्षांची असते. एका पानावर एकच तारीख, वर गेल्या वर्षीची, खाली या वर्षीची, त्याखाली पुढच्या वर्षासाठी रिकामी जागा. लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत माझी नजर वरच्या नोंदीवर गेली. १७ फेब्रुवारी १९८६. आकाश स्वच्छ, हवा कोरडी, गादी उन्हात घातली. थोरला वळताना दोनदा खोकला, मग अंग झटकलं.

मी आधी स्वतःवरच हसले, की काय हे, दर वर्षी तीच वाक्यं. मग 'हवा कोरडी' हे शब्द पुन्हा वाचले. दमट हवेनं खोकतो असं आम्ही सगळे समजत होतो. पानं मागे चाळली. कोरड्या दिवशीही तो खोकला होता, एकदा नाही, बरेचदा. या वर्षीच्या ओळी पाहिल्या. २० जानेवारी, उराता-साननी डबा बदलला. त्यानंतर थोरल्याच्या नावावर एकही खोकला नाही. धाकटीचे पाच. दोनदा, मग अंग झटकणं. कधी एकदा नाही, कधी तीनदा नाही.

घड्याळात दोन वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. हे दोन पस्तीसला ओमुराहून सुटले होते.

उराता-सान बाहेर थोरल्याच्या चाकापाशी बसले होते. मी डायरी उघडीच धरून धावत गेले. त्यांना वाटलं मी चहाला बोलवायला आले. मी दोन्ही ओळी दाखवल्या. ते म्हणाले की हो, बहीणभाऊ आहेत, खोकणार तसेच. तेव्हा मी जे विचारलं ते मला कसं सुचलं माहीत नाही.

"उराता-सान, थोरल्यानं खोकणं सोडलं वीस जानेवारीला. धाकटी लागली त्यानंतर. मग तिनं नक्कल केली कुणाची?"

ते हातातल्या फडक्यानं बोटं पुसू लागले. एकेक बोट, मुळापासून टोकापर्यंत. सगळी पुसून झाली तशी परत पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांचा चेहरा उन्हानं रापलेला, तो पांढरा कसा पडू शकतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

"वहिनी, वीस तारीख नक्की?"

"तुमच्याच नोंदवहीत असेल."

"पोरांचा नाही तो खोकला," ते म्हणाले. "डब्याचा आहे. मी एकाच्या छातीतून काढून दुसऱ्याच्या छातीत घातला."

आणि ते लंगडत रेडिओकडे पळाले. मी त्यांना पळताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

रेडिओवर मी बोलले, कारण ते माझं काम. मी यांना सांगितलं की डाव्या इंजिनात काहीतरी खरंच बिघडलेलं आहे, मागे फिरा. यांचा आवाज मजेत होता. "काय गं, परत खोकण्याचं का? ती नाटकी आहे, माहीत आहे ना तुला. ढग खाली आहेत, पण आम्ही मजेत आहोत. सिस्टर पुढे माझ्याशेजारी बसल्यात." मी पुन्हा सांगितलं. हे म्हणाले, "अगं, तू घाबरतेस म्हणून मी विमान फिरवायला लागलो तर रोजच फिरवावं लागेल."

ते चुकीचं बोलत नव्हते. सहा वर्षांत मी रोज घाबरत होते. माझी भीती रोजच्या चहासारखी झाली होती, तिला किंमत उरली नव्हती. उराता-साननी माझ्या हातातून माइक घेतला.

त्यांनी धाकटी म्हटलं नाही. शेपटीवर रंगवलेला विमानाचा नोंदणी क्रमांक त्यांनी सावकाश, एकेक आकडा सोडवून वाचला. मग म्हणाले, "डावं इंजिन. कार्ब्युरेटर सदोष. वीस जानेवारीला मी स्वतः बसवला. थ्रॉटल मागे घेतला की आत पेट्रोल अडकतं. अजून पूर्ण बंद पडलेलं नाही, पुढच्या खेपेला पडेल. डावा थ्रॉटल आहे तिथे ठेवा. हात लावू नका."

खरखर ऐकू येत राहिली.

"उराता-सान," हे म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज निराळा होता, "तुम्ही तिला नंबरानं हाक मारलीत."

"ती नाही, कॅप्टन. यंत्र आहे. मागे फिरा. इथे नका येऊ, ही पट्टी तोकडी आहे. ओमुराची लांब आहे, तिथे आगीचे बंबही आहेत."

"समजलं. फिरतोय."

त्यानंतर एकदा यांचा आवाज तुटक आला, वेळ सांगत होते बहुतेक. मग डोंगर आड आला आणि रेडिओ नुसता फुसफुसत राहिला. उराता-साननी ओमुराला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तिकडून उत्तर आलं की बंब धावपट्टीवर काढतो, काही कळलं की फोन करू, तोवर लाइन मोकळी ठेवा.

तो पाऊण तास मी कधी कुणाला नीट सांगितला नाही, यांनाही नाही. प्रवाशांना घ्यायला सहाजण आले होते. मी खिडकीत 'उशीर' अशी पाटी लावली. एक म्हातारी विचारायला आली की सूनबाईला किती वेळ लागेल, तिच्यासाठी मडक्यात उडॉनच्या शेवया ठेवल्यात, फुगतील. मी म्हणाले, अजून थोडा. माझा आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला. त्या सूनबाईचं वजन मला माहीत होतं, त्रेपन्न किलो. सगळ्यांचीच माहीत होती. ओमुराहून फोनवर मीच ती लिहून घेतली होती, आणि आता तो कागद समोर होता. नऊ नावं, नऊ वजनं, आणि शेवटी यांचं, चौसष्ट. मी तो कागद उलटा करून ठेवला. मग वाटलं, उलटा ठेवणं अशुभ, म्हणून परत सुलटा केला.

उराता-सान टेलिफोनसमोर उभे होते. बसा म्हटलं तर बसेनात. मी विचारलं, उतरताना वेग कमी करायला थ्रॉटल मागे घ्यावाच लागतो ना? ते म्हणाले, घ्यावाच लागतो. मग काय होईल? ते म्हणाले, डावं थांबेल. उजव्यावर उतरता येतं, आधी माहीत असलं तर. माहीत नसलं आणि जमिनीच्या जवळ आल्यावर थांबलं तर विमान डावीकडे फिरतं. आमच्या पट्टीच्या डावीकडे डोंगर होता.

मग त्यांनी खिशातून ती सवयींची वही काढली आणि काउंटरवर उघडली. मला वाटलं फाडतात की काय. पण ते वाचायला लागले. हलक्या आवाजात, पहिल्या पानापासून, आणि प्रत्येक ओळीला थांबून माझ्याकडे बघायचे, जणू मला कळणार होतं.

"धाकटीचं मागचं दार दोनदा आपटावं लागतं. ही सवय की कडी झिजली?"

मी म्हणाले, मला कसं कळणार.

"ब्रेक लावल्यावर उजवीकडे ओढते. ही सवय?"

त्यांनी पान उलटलं.

"पाऊस पडल्यावर थोरल्याची सुई थरथरते. मी लिहिलंय, लाजतो." त्यांचं बोट त्या ओळीवर होतं. "वहिनी, एक्केचाळीस आहेत. एक्केचाळीस ठिकाणी मी त्यांचं कौतुक केलं. यातलं कुठलं आत्ता वर तुटतंय, सांगा मला."

त्या खोलीत इतकी भीती होती की पुढे कधी मी तशी अनुभवली नाही. हे गेले तेव्हासुद्धा नाही. तोपर्यंत मी एकाच गोष्टीला घाबरत होते, डाव्या इंजिनातल्या एका डब्याला. आता उराता-सान एकेक ओळ वाचत होते आणि मला दिसत होतं की यांच्या आजूबाजूला, सिस्टरांच्या आजूबाजूला, त्या त्रेपन्न किलोच्या सूनबाईभोवती, जे काही आहे ते सगळं सैल आहे, झिजलेलं आहे, आणि आम्ही त्याला लाडानं नावं देऊन सहा वर्षं हसत बसलो. मला ओरडावंसं वाटलं की बंद करा ती वही. पण ते वाचत राहिले आणि मी ऐकत राहिले. एकतिसाव्या ओळीवर फोन वाजला.

दोघांपैकी कुणीच लगेच उचलला नाही. तिसऱ्या घंटीला मी उचलला.

यांचाच आवाज होता. हे म्हणाले, "उतरलो. सगळे ठीक." मी खाली बसले, खुर्ची नव्हती तिथेच, जमिनीवर. हे सांगत होते ते तुकड्यातुकड्यानं ऐकलं. समुद्रावरून पट्टी समोर आल्यावर थ्रॉटल मागे घेतला, डाव्यानं दोन खोकले दिले आणि थांबलं. या वेळी अंग झटकलं नाही. यांनी आधीच उंची आणि वेग राखून ठेवला होता, पाय उजव्या पेडलवर तयार होता. उजव्यावर उतरले. आठ प्रवाशांना कळलंसुद्धा नाही. सिस्टर ओदिलनी मात्र खिडकीतून थांबलेला पंखा पाहिला आणि शांतपणे विचारलं, "हे गृहस्थ दमले का?" सांगताना हे हसायला लागले आणि हसता हसता त्यांना बोलवेना. मग म्हणाले, "उराता-सानना दे."

मी फोन वर धरला. उराता-साननी तो घेतला, कानाला लावला, आणि काहीही न बोलता नुसते कमरेतून वाकले. टेलिफोनसमोर, एकदा, दोनदा, तीनदा. तिकडे हे काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही.

बाहेर थांबलेल्यांना मी सांगितलं की विमान ओमुराला परत गेलंय, मंडळी उद्या बोटीनं येतील. म्हातारी म्हणाली, उडॉन वाया गेले.

त्या संध्याकाळी उराता-सान घरी गेले नाहीत. कंपनीची नोंदवही पुढे घेऊन बसले आणि सवयींच्या वहीतल्या ओळी एकेक करून तिच्यात उतरवू लागले. सवय म्हणून नाही, बिघाड म्हणून. नोंदवहीत बिघाड लिहिला की तो दुरुस्त होईपर्यंत विमान जमिनीवर. म्हणजे दोन्ही विमानं बंद, आणि असे बिघाड सहा वर्षं वेगळ्या वहीत ठेवणाऱ्या माणसाच्या परवान्याचं काय होणार हे त्यांना चांगलंच माहीत होतं. मी म्हणाले की आज नुसता कार्ब्युरेटर लिहा, बाकीचं शांतपणे पाहू. "आज नाही लिहिलं तर उद्या त्यातलं अर्धं मला परत गोड वाटायला लागेल," ते म्हणाले आणि लिहीत राहिले.

पुढच्या आठवड्यात तपासनीस आले. एक्केचाळिसांपैकी सव्वीस खरे बिघाड निघाले, बहुतेक किरकोळ, कार्ब्युरेटरशिवाय तीन किरकोळ नसलेले. दार, ब्रेक आणि ती लाजणारी सुई. आम्ही तीन आठवडे विमानाविना राहिलो आणि बेटावरचे लोक बोटीत उलट्या करत आम्हाला नावं ठेवत राहिले. तपासनिसांनी उराता-सानना विचारलं की नक्कल हा शब्द कुणाचा. ते म्हणाले, माझा. मी चहा देत होते; मी म्हणाले, नाही, माझा. तपासनिसांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि कुणाचंच नाव लिहिलं नाही. सहा महिने उराता-सान यांच्या सहीला किंमत नव्हती. ते रोज यायचे, नव्या मेकॅनिकच्या हाताखाली काम करायचे, हत्यारं पुसून द्यायचे. बाकीचे सगळे थोरला, धाकटी म्हणत राहिले, हेसुद्धा. उराता-सान फक्त नंबर घ्यायचे.

१९९१ मध्ये ते निवृत्त झाले आणि सासेबोला मधल्या मुलीकडे राहायला गेले. आम्ही दोघं एकदा भेटायला गेलो होतो. जेवायला बसताना धुलाईयंत्र दणदणत होतं. मुलगी म्हणाली, त्याची सवयच आहे. उराता-सान काड्या खाली ठेवून उठले, यंत्राची मागची बाजू उघडून बसले, आणि मासे गार होऊन गेले तरी आले नाहीत. यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही जेवत राहिलो.

मी विमानात पहिल्यांदा बसले ती १९९४ मध्ये, आईच्या आजारपणात. बसल्यापासून उतरेपर्यंत घाबरलेलीच होते आणि तसं यांना सांगितलंही. हे म्हणाले, सांगत जा.

त्या मंगळवारच्या शेवटच्या ओळी, संध्याकाळी घरी आल्यावर लिहिलेल्या, अशा आहेत: सगळे सुखरूप. हे रात्री ओमुरालाच. उराता-सान मी निघाले तेव्हाही लिहीत होते, त्यांच्या बायकोला निरोप दिला. घरी एकटीच असल्यामुळे अंघोळीचं पाणी तापवलं नाही, पाय तेवढे धुतले.